जुनं मॅच एअर पिस्टल गोव्याच्या हवेत कसं सांभाळायचं

जुनं टार्गेट पिस्टल घेतो म्हटलं की लोक आधी विचारतात नेम कसा बसतो. गोव्यात राहत असाल तर त्याच्याही आधी विचारा की घरात ठेवणार कुठे. ही पिस्टलं मारून मारून खराब होत नाहीत हो, १९७० च्या दशकातलं नीट ठेवलेलं फाइनवेर्कबाऊ ह्या जर्मन कंपनीचं पिस्टल आजही १० मीटरवर छर्र्यावर छर्रा घालतं, ती खराब होतात पावसाळाभर कपाटात पडून. सोबतचं मॅन्युअल लिहिलंय जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या नाहीतर उल्मच्या हवेसाठी, आणि आपल्याकडे जुलैत पणजीला दमटपणा ९० टक्क्यांच्या आसपास, वर समुद्राची खारी हवा. त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं गंज, बुरशी आणि रबर ह्यावरच आहे, नेमबाजी शिकायची असेल तर चांगला कोच गाठा.

हे सगळं ४.५ मिमीच्या, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हनच्या एअर पिस्टलबद्दल आहे. पॉइंट टूटूची जुनी टार्गेट पिस्टलं, हॅमर्ली २०८ किंवा वॉल्थर जीएसपी, दिसायला फार देखणी, पण ती फायरआर्म आहेत, १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टखाली लायसन्स पाहिजे, निवडणुका आल्या की हत्यार जमा करायला बोलावतात, तो संसारच वेगळा. एअर पिस्टल ४.५ मिमीपर्यंतचं आणि ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे लायसन्स लागत नाही. जुनी मॅच, म्हणजे स्पर्धेची, पिस्टलं तर ५ ज्यूलच्या आसपासच असतात, अर्ध्या ग्रॅमचा छर्रा साधारण १४० मीटर सेकंदाला एवढाच वेग. जर्मन पिस्टल असेल तर बॉडीवर पंचकोनात इंग्रजी एफ कोरलेला शोधा, १९७० पासून ७.५ ज्यूलच्या आतल्या एअरगनला तिकडे ही खूण मारतात. त्या खुणेचा आणि सीरियल नंबरचा स्वच्छ फोटो काढून बिलासोबत ठेवून द्या, कोणी विचारलं तर बोलायला काहीतरी हातात असतं.

लायसन्स लागत नाही म्हणून ते गाडीच्या डॅशबोर्डवर टाकून कळंगुटला जायचं असं मात्र नाही. लांबून बघणाऱ्याला ते खरंच पिस्टल दिसतं आणि पोलिसाला पण तसंच दिसतं. केसमध्ये बंद, रिकामं, बिल सोबत, घर ते रेंज, रेंज ते घर, बास. पक्षी, माकडं, खारी ह्यांच्यावर रोखायचं नाही, वाइल्डलाइफ अ‍ॅक्ट १९७२ चा आहे आणि तिथे एअरगन आहे म्हणून कोण सोडत नाही. अजून एक, गोव्यात प्रत्येकाचा कोणीतरी लिस्बनला नाहीतर स्विंडनला असतोच आणि तिकडे जुनं पिस्टल स्वस्तात मिळतं हे खरं, पण भाच्याला बॅगेतून आणायला सांगू नका. आयातीची परवानगी आधी हातात नसेल तर कस्टममध्ये अडकतं, आणि पिस्टलबरोबर भाचाही अडकतो. देशातल्या देशात, जुन्या नेमबाजाकडून किंवा डीलरकडून, कागद करून घ्या.

आता कुठलं घ्यायचं. जुन्या मॅच पिस्टलांच्या ढोबळमानाने तीन जाती.

पहिली स्प्रिंगवाली. फाइनवेर्कबाऊ ६५ हे ह्यातलं राजा माणूस, १९६५ ला आलं. बाजूचा लिव्हर ओढला की स्प्रिंग चढते, आणि मारताना वरचा अख्खा भाग रुळांवरून मागे सरकतो त्यामुळे हाताला धक्का जाणवत नाही. डायना ६ आणि १० मध्ये वेगळी युक्ती, दोन पिस्टन एकमेकांच्या उलट दिशेला धावतात. दुसरी जात एका दाबात हवा भरणारी, वॉल्थर एलपी३, नंतरची फाइनवेर्कबाऊ १०० च्या घरातली, रशियन इझ-४६. ह्यात मोठी स्प्रिंग नाही, हलणारे भाग कमी, आपल्या हवेत सांभाळायला मला तरी हीच बरी वाटतात. तिसरी गॅसची आणि सिलिंडरची, म्हणजे सीओटूवाली आणि स्टायर एलपी१० सारखी २०० बारच्या हवेची.

तिसऱ्या जातीबद्दल दोन वाक्यात सांगतो कारण नवशिक्याने जुन्यातलं हे घेऊच नये. सीओटूचा दाब तापमानाबरोबर हलतो, ३१ डिग्रीच्या वर तर तो द्रव म्हणून राहतच नाही, आणि एप्रिलात आपल्याकडे सकाळी दहालाच पारा तिथे असतो, मग सकाळचा ग्रुप, म्हणजे छर्र्यांच्या भोकांचा पुंजका, आणि दुपारचा ग्रुप दोन वेगळ्या गावांना. हवेच्या सिलिंडरला कंपन्या साधारण १० वर्षांची मुदत देतात आणि ती तारीख सिलिंडरवरच असते, जुन्या पिस्टलाबरोबर आलेला सिलिंडर बहुतेक मुदत संपलेलाच असणार. तो भरायचा नाही, भिंतीला शोभेला लावा पाहिजे तर.

घ्यायच्या आधी काय बघायचं

सगळ्यात आधी केस उघडून नाक लावा. खरंच. जुन्या केसमधला फोम कुजला की त्याला एक आंबूस वास येतो आणि हाताला चिकट लागतो, आणि जिथे फोम धातूला टेकला होता तिथे ब्लूइंगला, म्हणजे पोलादावरच्या निळसर-काळ्या थराला, डाग पडलेले असतात. मग ग्रिप काढून दाखवायला सांगा, कारण गंज बाहेरून पुसता येतो पण ग्रिपच्या आत, जिथे घाम झिरपून बसतो, तिथे कोणी पुसत नाही. ग्रिप कुठल्या हाताची आणि कुठल्या मापाची तेही बघा, उजव्या हाताच्या माणसाने डावखुरी ग्रिप स्वस्तात घेतली तर नंतर नवीन ग्रिपला पिस्टलाइतके पैसे जातात.

स्क्रूंची डोकी बघा. खाचा चेंगरलेल्या असतील तर आत कोणीतरी चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने हात घातलाय असं समजा, आणि आत काय करून ठेवलंय ते देव जाणे.

मग मारून बघा. सील तपासायची सोपी रीत म्हणजे टिश्यू पेपरची बारीक पट्टी बॅरल आणि बॉडीच्या सांध्यापाशी धरायची आणि पेलेट म्हणजे छर्रा घालून सुरक्षित दिशेला मारायचं, पट्टी उडाली की तिथून हवा गळतेय. एका दाबाच्या पिस्टलात अजून एक, दाब दिल्यावर लगेच एक मारा, मग दुसऱ्यांदा दाब देऊन दोन-तीन मिनिटं थांबून मारा. दुसरा छर्रा स्पष्ट खाली लागला तर व्हॉल्व्ह दमलाय. रेस्टवर टेकवून १० मीटरवर पाच छर्रे मारले तर ते १० च्या रिंगमध्ये, म्हणजे ११.५ मिमीत, बसायला पाहिजेत. नाही बसले तर लगेच नाकारू नका, पेलेट बदलून परत बघा, कधी कधी दोष छर्र्याचाच असतो.

स्प्रिंगवाल्यात लिव्हर ओढून पेलेट भरताना लिव्हर दुसऱ्या हाताने घट्ट धरूनच ठेवायचा. पन्नास वर्षांची सिअर आहे, म्हणजे चढवलेली स्प्रिंग अडवून धरणारी खीळ, ती सुटली तर लिव्हर आणि सरकता भाग बोटावर येतो. ही सवय तपासताना पण आणि आयुष्यभर पण.

रबराचं काय करायचं

हा भाग नीट वाचा कारण इथेच पैसे जातात. १९६० ते ८० च्या काळातली बरीच सीलं आणि बफर एका प्रकारच्या पॉलियुरेथेनची, आणि ते उष्णता आणि दमटपणात आपोआप तुटतं, पिस्टल एकदाही मारलं नाही तरी. कपाटात ठेवलेला चांगला बूट दोन पावसाळ्यांनी काढला की सोलचा भुगा होतो बघा, अगदी तेच. फाइनवेर्कबाऊच्याच १२४ रायफलचं पिस्टन सील ह्यासाठी जगभर बदनाम आहे. त्यामुळे विकणारा जेव्हा मोठ्या अभिमानाने सांगतो की वीस वर्षं हातसुद्धा लावला नाही, तेव्हा किमतीतून सील किटचे आणि मजुरीचे पैसे आधीच वजा करून बोला.

साध्या गोल ओ-रिंग इथे मिळतात, त्यासाठी जर्मनीला लिहायची गरज नाही. ट्रॉलरच्या इंजिनाचं नाहीतर हायड्रॉलिकचं सामान विकणाऱ्या दुकानात जुनी रिंग घेऊन जा, व्हर्नियरने आतला व्यास आणि जाडी मोजून घ्या, नायट्राइल रबराची मागा, मिलिमीटरच्या मापात मागा. पिस्टनचं घडवलेलं सील आणि बफर मात्र त्या मॉडेलचंच लागतं, ते एकाऐवजी दोन मागवून ठेवा आणि दुसरं हवाबंद पिशवीत, अंधारात.

बसवायचं कोणी? एका दाबाचं पिस्टल असेल, हात स्थिर असेल, प्रत्येक टप्प्याचा मोबाईलवर फोटो काढायची शिस्त असेल तर स्वतः करा. स्प्रिंगवालं उघडू नका. आत स्प्रिंग दाबून बसवलेली असते, स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय शेवटची पिन काढली की ती सुटून तोंडावर येते. हे काम येणाऱ्या माणसाकडेच द्या, पुण्या-मुंबईला पाठवायला लागलं तरी.

ठेवायचं कसं

कंपनीच्या मूळ केसमध्ये ठेवायचं नाही. चामड्याच्या पाउचमध्ये तर नाहीच नाही, चामडं ओल धरतं आणि चामडं कमावताना वापरलेले क्षार ब्लूइंग खातात. मूळ केस रिकामी जपा, विकताना तिला किंमत येते, आतला कुजका फोम तेवढा काढून टाका.

मग कशात? स्वयंपाकघरातला मोठा, रबरी कडेचा, चारी बाजूंनी क्लिप लागणारा प्लॅस्टिकचा डबा, तळाला सुती कापड, पावशेर सिलिका जेल, आणि आत दमटपणा मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर, ऑनलाइन काही शे रुपयात मिळतो. पिस्टल व्हीसीआयच्या पिशवीत, ही गंजरोधक पिशवी इंजिनीअरिंगवाले सुटे भाग पाठवताना वापरतात, ओळखीचा कोण वेर्ण्याच्या इस्टेटीत कामाला असेल तर त्याला विचारा. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहिला पाहिजे, त्याच्या खाली ढकलू नका, अक्रोडाची ग्रिप तडकते. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की भरलं, केशरी असेल तर हिरवट होतं, मग ओव्हनमध्ये १००-१२० डिग्रीवर तास-दोन तास भाजून परत वापरायचं. भर पावसात हे काम सारखं निघतं, त्याला इलाज नाही. ज्यांच्याकडे कॅमेऱ्यासाठी इलेक्ट्रिक ड्राय कॅबिनेट आहे त्यांनी एक कप्पा पिस्टलाला द्यावा आणि सुखी व्हावं.

कपाटात बल्ब लावून ठेवायची आपली जुनी रीत चालते का? चालते, पण बल्ब तापणारा पाहिजे. हल्ली लोक एलईडी लावतात आणि मग बुरशी आली म्हणून ओरडतात, एलईडीने कपाट उजळतं फक्त.

डब्याला कुलूप लागत नसेल तर डबा कुलपाच्या कपाटात. छर्रे दुसऱ्या खणात. घरात पोरं असतील, चवथीला भरलेलं घर असेल, तर किल्ली खिशात.

आता पुसणं. हात लावला की पुसायचं, एकदा हात लागला तरी. बोटाच्या घामात मीठ असतं आणि ब्लूइंग हा स्वतःच एक पातळ ऑक्साइडचा थर आहे, रंग नव्हे, त्याखाली गंज धरायला एक रात्र पुरते. जुन्या बनियनच्या कापडावर दोन थेंब तेल, सगळा धातू पुसायचा, पिस्टल ग्रिपला धरून डब्यात. पावसाळ्यात आठवड्याला एकदा डबा उघडून बघायचंच आणि जमलं तर दहा-वीस छर्रे मारायचे, सीलं हलती राहतात आणि गंज धरला असेल तर ठिपका असतानाच दिसतो. मिरगाच्या आधी एकदा सगळ्या धातूवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या, तेल ओघळून जातं, मेण राहतं. कारचं पॉलिश त्या जागी नको, बऱ्याच पॉलिशमध्ये घासणारी पावडर असते.

गंजाचा ठिपका आलाच तर सॅंडपेपर लांब ठेवा. तेल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी तांब्याच्या नाण्याच्या कडेने किंवा कापडाने हळू घासा. आणि कोणी कितीही सांगू दे, नवीन ब्लूइंग करून चकाचक करू नका, जुन्या पिस्टलाची किंमत तिथल्या तिथे निम्म्यावर येते आणि बाजूची अक्षरं पण घासली जातात.

तेल

खोबरेल नको. आपल्याकडे बिजागरीपासून केसांपर्यंत सगळ्याला खोबरेल, पण ते २४ डिग्रीच्या आसपास थिजतं, एसीच्या खोलीत ट्रिगरमध्ये मेण झालेलं सापडेल, आणि खवट होऊन चिकटा धरतं ते वेगळंच. डब्ल्यूडी-४० पण नको, ते पाणी हटवायला बरं, वंगण म्हणून टिकत नाही आणि मागे चिकट थर सोडतं. शिलाई मशीनचं तेल बाहेरून पुसायला आणि पिनांना छान.

पण स्प्रिंगवाल्याच्या हवेच्या कक्षेत कुठलंही खनिज तेल जाता कामा नये. पिस्टन पुढे आपटताना आतली हवा एकदम तापते, तेलाची वाफ पेटते, डिझेल इंजिनात होतं तसा स्फोट होतो, आणि सील आणि स्प्रिंग दोन्ही जातात. मारल्यावर धूर आणि जळका वास आला तर थांबा. तिथे लागलंच तर सिलिकॉन तेलाचा एक थेंब, तोही वर्षातून एखादवेळा. सरकत्या रुळांना मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस, बोटाला जेमतेम डाग पडेल इतकं. डिचोली-सत्तरीकडे खाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी ते अजून कमी लावावं, ती तांबडी धूळ ग्रीसला चिकटली की रूळ घासले जातात.

ह्याच्याच पोटात दुसरा नियम, स्प्रिंगवालं पिस्टल छर्र्याशिवाय मारायचं नाही. पुढे छर्रा नसला की हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन धातूवर आपटतो. पाहुण्याच्या हातात देताना आधी हे सांगा, कारण पाहुणा सगळ्यात पहिलं तेच करतो.

बॅरल, ग्रिप, ट्रिगर

बॅरल फार साफ करू नये. शिसं मऊ, वेग कमी, त्यामुळे नळी फारशी घाण होत नाही. ग्रुप पसरायला लागला किंवा पावसाळ्यात महिनाभर पडून राहिलं तर फेल्टचा बोळा मागून पुढे ढकला. लोखंडी गज पुढच्या तोंडातून घालू नका, तोंडाची कड मोडली की नेम गेला. मासे धरायची जाड तंगूस घ्या, तिला दुमड घालून कापडाची चिंधी अडकवा आणि मागून पुढे ओढा, विकतच्या किटपेक्षा हे बरं.

ग्रिपला बुरशी आली तर कोरड्या टूथब्रशने झाडा, उन्हात तापवू नका, सावलीत वाऱ्याला ठेवा. लाकूड फिकं पडलं असेल तर पेंटच्या दुकानातलं अळशीचं तेल अगदी थोडं, पुसून काढायचं. ती तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, अळशीचं तेल सुकताना तापतं आणि चिंधी आपोआप पेटू शकते, पसरून वाळवा नाहीतर पाण्यात भिजवून टाका. ग्रिप हाताला बसत नाही म्हणून मूळ लाकूड कानशीने घासायच्या आधी वुड पुटी लावून बघा, पुटी काढता येते, घासलेलं लाकूड परत येत नाही.

ट्रिगरला स्पर्धेत किमान ५०० ग्रॅम ओढ लागते. घरी बघायचं तर पाण्याची बाटली किराणाच्या काट्यावर बरोबर ५०० ग्रॅम भरेल इतकी भरा, दोरीने ट्रिगरला अडकवा, नळी वर करून हळूहळू उचला, बाटली उचलली गेली पाहिजे आणि ट्रिगर सुटता कामा नये. हे रिकाम्या पिस्टलात आणि एका दाबाच्या जातीतच, हवा न भरता फक्त कॉक करून. स्प्रिंगवाल्यात ट्रिगर सुटला तर ड्राय फायर, म्हणजे छर्र्याशिवाय मारणं, होतं, म्हणून ते रेंजवर तपासून घ्या. फाइनवेर्कबाऊ ६५ मध्ये ५०० वरून १३६० ग्रॅमवर न्यायची कळ असते, ट्रिगर अचानक दगडासारखा लागला तर स्क्रू पिळायच्या आधी ती कळ बघा. स्पर्धेत उतरायचंच असेल तर पिस्टलाचं वजन १५०० ग्रॅमच्या आत आणि अख्खं पिस्टल ४२० बाय २०० बाय ५० मिमीच्या पेटीत मावलं पाहिजे. आणि दुसरं पिस्टल हाताशी ठेवा, टोकियोला २०२१ मध्ये मनू भाकरचं आधुनिक पिस्टल ऐन क्वालिफिकेशनमध्ये बिघडलं होतं, तुमचं तर तुमच्यापेक्षा वयाने मोठं आहे.

घरचं १० मीटर

जुन्या घरांना लांब पडवी असते, बल्कांवापासून, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यापासून, आतल्या दारापर्यंत १० मीटर सहज निघतात, टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर. मागे चिऱ्याची भिंत आहे म्हणून तिच्यावरच मारायचं नाही, छर्रा उसळून परत येतो. पेलेट ट्रॅप लावा, नाहीतर खोल लाकडी पेटीत इलेक्ट्रिशियनची डक्ट सील पुटी जाड थापा, छर्रे त्यातच रुततात आणि आवाजही कमी. डोळ्यांना चष्मा, बघणाऱ्याच्या पण. मारण्याच्या रेषेत दार असेल तर त्याला आधी कडी लावा, बाई भांडी घासून मागच्या दारानेच येते.

छर्रे मॅचचेच, चपट्या तोंडाचे. एच अँड एन फिनाले मॅच किंवा आरडब्ल्यूएस आर१० मधले हलके, ०.४५ ते ०.४९ ग्रॅमचे, जुन्या पिस्टलाला बहुतेक मानवतात. एकाच छर्र्यात डोक्याची मापं असतात, ४.४९, ४.५०, दोन्हीचा एकेक डबा आणून कुठलं बसतं ते बघा आणि मग त्याच मापाचे पावसाच्या आधी एकदम घ्या. डबा उघडल्यावर झाकणाला टेप, आत सिलिका जेलची पुडी. छर्र्यांवर पांढरी पूड आली तर ते शिशाचं ऑक्सिडेशन, ते छर्रे मारू नका, फुंकर मारून उडवू पण नका, ती विषारी आहे. अख्खा डबा बंद करून भंगारवाल्याला शिसं म्हणून द्या, आणि मारून झाल्यावर चहाच्या कपाला हात लावायच्या आधी साबणाने हात धुवा.